लेझरला न दिसलेली गाडी

१

प्लम ग्रोव्हच्या शाळेत मुलांना रांधून वाढणारी वेल्डा व्होथ मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सायकलवरून घरी चालली होती. धान्याच्या कोठाराशेजारून उत्तरेला जो खडीचा रस्ता फुटतो, त्यावर मागून आलेल्या एका गाडीने तिला उडवलं. वेल्डा बाजूच्या चरात पडली, आणि गाडी निघून गेली.

थोड्या वेळाने शेरीफच्या कचेरीत फोन वाजला. पुरुषाचा आवाज होता, तोंडावर काहीतरी धरून बोलल्यासारखा. खडीच्या रस्त्यावर बाई पडली आहे, पायातून रक्त जातंय, लवकर या, एवढंच तो बोलला. फोन कोठाराच्या वजनकाट्याच्या खोलीतून आला होता. कापणीला अजून महिना होता, त्यामुळे तिथे कुणी नव्हतं आणि दाराला कुलूपही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा फोन आला नसता आणि कुणीतरी तिच्या पायाला पट्टा आवळला नसता, तर वेल्डा सकाळपर्यंत टिकली नसती.

उपशेरीफ लव्हॉन श्राग जागेवर पोचली तेव्हा रुग्णवाहिका निघून गेली होती. सायकलच्या वाकलेल्या चौकटीवर गडद निळ्या रंगाचा ओरखडा होता. आमच्याकडे जो तो पिकअप चालवतो. गडद निळ्या बैठ्या गाड्या गावात तीनच. कुठल्या गाडीला ताजा पोचा आहे ते बघितलं की झालं, असं कुणीही म्हणेल. पण तीन आठवड्यांपूर्वी लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या. त्या दिवसापासून गावातली एक गाडी धड राहिली नव्हती. सगळ्यांचे पत्रे देवीचे वण उठल्यासारखे झाले होते.

तेवढ्यात तिच्या हाताखालचा डेप्युटी ट्रॅव्हिस रॅट्झलाफ तिथे आला. चाळिशीचा, अंगाने थोराड, आणि त्या घडीला रागाने लाल झालेला. हायवेवर तो लेझर गन घेऊन बसला होता. मावळतीकडून एक गडद गाडी सुसाट आली. त्याने तीनदा नेम धरून घोडा ओढला, पण गनवर वेगाचा आकडा काही येईना. आमच्याकडे नंबरपाटी फक्त मागेच असते, ती वाचायच्या आत गाडी लांब गेली. त्याने आपली गाडी वळवून पाठलाग केला, तो सरळ हायवेनेच. ती कोठारापाशी वळली असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"लेझरला आकडा देत नाही अशी गाडी गावात एकच आहे, लव्हॉन," तो म्हणाला. "आणि कुणाची ते तुलाही माहीत आहे."

लव्हॉनला माहीत होतं. त्या गाडीच्या मालकाला तिने स्वतः तीन वेळा दंड ठोकला होता.

२

गेलन उनरू शेतीच्या यंत्रांमधली इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करायचा. माणूस हुशार, पण तोंडाने तिखट, आणि वेगाचं वेड असलेला. त्याच्या निळ्या गाडीत काचेपाशी पोलिसांच्या रडारची चाहूल देणारा डिटेक्टर होता आणि पुढच्या जाळीत काड्यापेटीएवढे दोन काळे डोळे बसवलेले होते. आमच्या राज्यात यातलं काहीच बेकायदा नाही, त्यामुळे ट्रॅव्हिसचा जळफळाट व्हायचा.

दोन दिवसांनी लव्हॉन त्याच्या वर्कशॉपवर गेली, तेव्हा दारावर कुणीतरी लाल रंगाने 'पळपुटा' लिहिलेलं होतं. गेलन ते घासत होता. शेतकऱ्यांच्या सोसायटीने हार्वेस्टर दुरुस्तीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, ही बातमीही त्याच सकाळची.

"बेड्या आणल्यात का, शेरीफबाई, की मीच माझ्या वापरू?"

"आधी कॉफी दे," लव्हॉन म्हणाली.

त्या संध्याकाळी तो एकटाच घरी होता आणि ते खरं मानायला गावात कुणी तयार नव्हतं. घर विकून टाकून विचिटाला भावाकडे जायचं त्याच्या मनात घोळत होतं. बोलताना त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. लव्हॉनला आतून ओशाळल्यासारखं झालं, कारण ट्रॅव्हिसने नाव घेतलं तेव्हा तिनेही मनातल्या मनात मान डोलावली होती.

तिने त्याला जाळीतल्या त्या डोळ्यांबद्दल विचारलं. तिला ते सगळं ठाऊक होतं. जिल्ह्यातल्या डेप्युटींना रडार आणि लेझर तीच शिकवायची. पण माणूस आपल्या आवडीच्या गोष्टीवर बोलायला लागला की खरा कळतो, असा तिचा अनुभव होता. गेलन बोलायला लागला. रडारच्या लहरी रस्ताभर सांडतात, म्हणाला. त्या गाडीवर आपटून परत पोलिसापर्यंत पोचायला हव्यात, तर त्याला वेग कळणार. डिटेक्टरला मात्र त्या नुसत्या येताना ऐकायच्या असतात. म्हणून तो पोलिसाच्या आधी जागा होतो, सपाट रानात मैलभर आधीसुद्धा. लेझरचं तसं नाही. त्याचा न दिसणारा प्रकाश हजार फुटांवरही जेमतेम तीन फूट पसरतो. डिटेक्टरला तो कळतो तेव्हा तुमचा वेग मोजून झालेला असतो.

"म्हणून हे दोघे," त्याने जाळीकडे बोट केलं. "लेझर आला की हे आपले उलटे ठोके पाठवतात. गनला स्वतःचा प्रकाश कुठला आणि यांचा कुठला ते कळेनासं होतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मी वेग कमी करतो आणि यांना बंद करतो. बास. अदृश्य होण्याची जादू नाही ही."

लव्हॉनने गाडीतून स्वतःची लेझर गन आणली. त्याला गावाबाहेरच्या रस्त्यावर लांब जाऊन परत यायला सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, नेम धरला, घोडा ओढला. गनने वेगाचा आकडा दाखवला नाही हे खरं. पण ती गप्पही राहिली नाही. पडद्यावर एकच शब्द लुकलुकत राहिला: 'जॅम'. पुढची दोन्ही भिंगं फडक्याने झाकून तिने त्याला पुन्हा यायला लावलं, तेव्हा आकडा पटकन आला.

तिने तिथूनच ट्रॅव्हिसला फोन लावला. त्या संध्याकाळी गनवर नेमकं काय दिसलं होतं, असं विचारलं.

"काही नाही. नुसत्या आडव्या रेघा."

"जॅम असं आलं होतं?"

ट्रॅव्हिसने ती संध्याकाळ पुन्हा आठवून पाहिली. "नाही," तो शेवटी म्हणाला.

म्हणजे समोरच्या गाडीने गनला फसवलंच नव्हतं. गनचा प्रकाश गेला होता आणि परत आलाच नव्हता. एवढी मोठी लोखंडी गाडी लेझरला दिसलीच नाही, हे कसं?

३

उरलेल्या दोन निळ्या गाड्यांपैकी एक मार्लिस स्टकीची ब्यूक. मार्लिस सत्तरी उलटलेली विधवा. नवरा हॅरल्ड गेल्यावर त्याचा जुनाट डिटेक्टरही तिने गाडीत तसाच ठेवला होता. तो सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारांवरही केकाटायचा, कारण त्या दारांतही छोटं रडारच असतं. तिच्या पुढच्या काचेला गारांनी गेलेला तडा होता आणि त्यावर चिकटपट्टी होती. काच बदलायची सोडून तिने विम्याच्या पैशातून नातीला क्लॅरिनेट घेऊन दिलं होतं.

चौकातल्या खाणावळीत बियरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेला पाव, खाता खाता तिने लव्हॉनला सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी ती पश्चिमेला लेकीकडे गेली होती. ओल्ड मिलच्या पुलापलीकडे राज्य पोलिसांचा माणूस रडार लावून बसला होता.

"पाण्याची टाकी आली आणि हे यंत्र जे बोंबलायला लागलं ते पुलापर्यंत," मार्लिस म्हणाली. "मी तशीही बैलगाडीच्याच वेगाने जाते. पण हॅरल्डचा आवाज ऐकल्यासारखं वाटतं, म्हणून बंद करत नाही."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी तिने याच टेबलावर बसून सगळ्यांना ऐकवली होती, असं खाणावळीच्या मालकिणीने हसत सांगितलं.

तिसरी गाडी ड्वाइट पेनरची. पन्नाशीचा ड्वाइट बियाण्यांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. आठवड्यातून दोनदा टोलच्या मोठ्या रस्त्याने शहरात जायचा, आणि उन्हाळ्यात गावातल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचा. कुणी त्याच्याबद्दल वाईट बोललेलं लव्हॉनने कधी ऐकलं नव्हतं. त्याने तिला अंगणात खुर्ची दिली, वेल्डाची चौकशी केली. पाय वाचेल ना, असं त्याने दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी आपणही पश्चिमेलाच होतो, असं तो म्हणाला. वेळ बरोबर लक्षात राहिली, कारण पाण्याच्या टाकीपासून डिटेक्टर ओरडत होता. आपण वेग कमी केला, आणि पुलापलीकडे खरोखरच पोलीस बसलेला दिसला.

लव्हॉनने राज्य पोलिसांच्या त्या माणसाला विचारलं. तो तिथे होता. रांगत जाणारी ब्यूक त्याच्या चांगली लक्षात होती. दुसरी निळी गाडी आठवत नव्हती. पण नियमात जाणाऱ्या गाडीकडे कोण बघतं?

निघता निघता तिने ड्वाइटच्या गाडीच्या नव्या कोऱ्या काचेचं कौतुक केलं. गारांनंतर सोसायटीच्या आवारात तंबू ठोकून बसलेल्या फिरत्या कारागिराने ती बसवली होती. ऊन अजिबात लागत नाही, ड्वाइट म्हणाला, फक्त टोलवाल्यांनी उच्छाद मांडलाय. काचेवरचा टोलचा बिल्ला हल्ली त्यांच्या यंत्राला वाचताच येत नाही, दर वेळी घरी बिल पाठवतात.

लव्हॉन हसली आणि गाडीत बसली. गावाच्या वेशीपर्यंत आली तरी काहीतरी दाढेत अडकल्यासारखं तिला बोचत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

४

ते सापडलं दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तेही उकाड्यामुळे. तिची स्वतःची गाडी तेल बदलायला गेली होती म्हणून ती ट्रॅव्हिसच्या गाडीत बसली. उन्हात उभी असूनही गाडी आतून गार होती. तिने पुढच्या काचेला हात लावून पाहिला.

"ही नवी का?"

गारांनी जुनी फुटली, ट्रॅव्हिसने सांगितलं. जिल्ह्याच्या खर्चाने त्याच तंबूतून बसवून घेतली.

"त्या संध्याकाळी गन कशी धरली होतीस? बाहेर उभा राहून?"

वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. त्यामुळे तो आतच बसला होता आणि काचेतूनच नेम धरला होता. लव्हॉनने त्याची गन उचलली. काचेतूनच समोरच्या कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर धरली. आडव्या रेघा. मग खिडकी खाली करून, हात बाहेर काढून तीच भिंत, तोच नेम. अंतराचा आकडा तत्क्षणी आला.

"अरे देवा," ट्रॅव्हिस म्हणाला.

उन्हाची धग बाहेर ठेवण्यासाठी त्या काचेत धातूचा इतका पातळ थर होता की डोळ्यांना कळत नव्हता. लेझर गनचा प्रकाशही त्या धगीच्याच जातीचा. तो काचेवर आपटून परत फिरत होता. त्या संध्याकाळी समोरून बैल आला असता, आगगाडी आली असती, तरी गनने रेघाच दाखवल्या असत्या. गेलनच्या विरोधात गावाकडे होता तो एकमेव पुरावा त्या क्षणी वितळून गेला.

ट्रॅव्हिसने टोपी काढून मांडीवर ठेवली. आपणच खाणावळीत गेलनचं नाव घेतलं, असं तो पुटपुटला. चूक कळली आहे ना, मग दारावरचा रंग घासायला जा, असं लव्हॉनने त्याला सांगितलं. पण तिचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. धातूचा थर फक्त उन्हाला अडवत नाही. रडारच्या लहरींनाही अडवतो. आणि टोलच्या बिल्ल्यालाही.

५

त्याच संध्याकाळी तिने ड्वाइटला विनंती केली, की तुझ्या गाडीतून मला पश्चिमेच्या रस्त्याने फिरवून आण, त्या दिवसाची वेळ पक्की करायची आहे. ट्रॅव्हिस आधीच पुलापलीकडे रडार सुरू करून बसला होता, गाडीबाहेर. लव्हॉनच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत मार्लिसने मोठ्या नाखुशीने दिलेला हॅरल्डचा डिटेक्टर होता.

ड्वाइट गव्हाबद्दल बोलत होता. गारांनी अर्धं पीक झोपवलं, तरी उरलेलं बरं येईल, म्हणत होता. पाण्याची टाकी आली. काचेवरचा त्याचा डिटेक्टर हिरवा दिवा लावून गप्प बसला होता. टाकी मागे पडली. ड्वाइट बोलायचा थांबला.

"इथूनच ना?" लव्हॉनने विचारलं.

"आज पोलीस नसेल," तो म्हणाला.

तिने जुनं यंत्र सिगारेट पेटवायच्या भोकात जोडलं आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून हातभर बाहेर धरलं. ते किंचाळायला लागलं. तिने ते आत घेऊन समोरच्या काचेशी धरलं, तर आवाज विझला. पुन्हा बाहेर, पुन्हा किंकाळी. पूल समोर दिसायला लागला होता आणि ड्वाइटचा स्वतःचा डिटेक्टर अजून झोपलेलाच होता.

"तीन आठवडे हा बहिरा आहे, ड्वाइट. तुझी काच त्याला ऐकू देत नाही. टाकीपासून ओरडला तो मार्लिसचा. तू ते खाणावळीत ऐकलंस."

ड्वाइटने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला वाटायचं, हल्ली रस्त्यावर पोलीसच कमी झालेत," तो म्हणाला. "यंत्र गप्प म्हणजे रस्ता मोकळा. मी आणखी जोरात जायला लागलो."

मग सगळंच बाहेर आलं. दोन दंड आधीचे होते. तिसरा झाला तर कंपनी गाडी काढून घेणार होती, आणि गाडीबरोबर नोकरी. हायवेवर कडेला थांबलेली ट्रॅव्हिसची गाडी ऐन वेळी दिसली. घाबरून तो कोठारापाशी वळला, आणि खडीवर गाडी हातातून सुटली. वेल्डा दिसली तेव्हा उशीर झाला होता. थोडं पुढे जाऊन तो मागे आला, तिच्या पायाला स्वतःचा पट्टा आवळून बांधला, आणि वजनकाट्याच्या खोलीकडे धावला. रुग्णवाहिकेचे दिवे दिसेपर्यंत तो कोठाराच्या मागे उभा होता. दिवे दिसल्यावर निघून गेला.

"गेलनचं नाव यायला लागलं तेव्हा रोज वाटायचं, आज जाऊन सांगावं," ड्वाइट म्हणाला. "रोज सकाळी वाटायचं. दुपारपर्यंत धीर जायचा."

लव्हॉनने यंत्राची वायर गुंडाळून पिशवीत ठेवली. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण त्या पट्ट्याबद्दल तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो कुणी बांधला हे कोडं ती त्या दिवसापासून मनात वागवत होती.

"चल," ती म्हणाली. "गाडी मी चालवते."

६

ड्वाइटने कोर्टात एकही गोष्ट नाकारली नाही. परवाना गेला, नोकरी गेली, आणि आठ महिने जिल्ह्याच्या तुरुंगात काढावे लागले. न्यायाधीशांनी वेल्डाला काही बोलायचं आहे का असं विचारलं, तेव्हा ती कुबड्यांवर उभी राहिली. त्याने मला पाडलं आणि त्यानेच माझा पाय बांधला, ती म्हणाली, दोन्ही लिहून घ्या. बाहेर आल्यावर त्याला शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला पाठवा, बटाटे सोलायलाही माणूस मिळत नाही.

गेलनच्या दारावरचा रंग ट्रॅव्हिसने लागोपाठ दोन शनिवार घासला. दोघं फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या शनिवारी गेलनने आतून दोन खुर्च्या आणल्या आणि लेझर गन कशी धरायची यावर ट्रॅव्हिसला तासभर झाडलं. सोसायटीचं काम कापणीच्या आधीच गेलनकडे परत आलं. विचिटाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. वेगाच्या बाबतीत मात्र तो सुधारला असं कुणी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये लव्हॉनने त्याला चौथा दंड ठोकला. तो त्याने मुकाट्याने भरला.

पुढच्या वसंतात वेल्डा पुन्हा सायकलवर बसली. मुलगी रागावली, डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण बाई ऐकणारी नव्हती.

एका दुपारी लव्हॉन त्याच खडीच्या रस्त्याने चालली होती. लांबवर पिवळा स्वेटर दिसला. वेल्डा एका संथ लयीत पायडल मारत होती, डाव्या पायाला किंचित जपत. लव्हॉनने लांबूनच वेग कमी केला. वेल्डा दचकू नये म्हणून हॉर्न वाजवावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

तेवढ्यात वेल्डाने मागे न बघता डावा हात वर केला आणि पुढे जा अशी खूण केली.

लव्हॉनने काच खाली केली आणि शेजारी येऊन ओरडून विचारलं, तुला कसं कळलं? वेल्डाने सीटखालच्या काळ्या डबीकडे अंगठा दाखवला. गेलनने बसवलेलं ते छोटं रडार मागच्या रस्त्यावर नजर ठेवून होतं. हँडलवरच्या चिमुकल्या पडद्यावर एक ठिपका वर सरकत आला होता.

"तू कोठारापाशी वळलीस तेव्हापासून बघतेय," वेल्डा म्हणाली. "बरीच हळू चालवतेस की गं. जा पुढे, माझ्या अंगावर धूळ उडवू नकोस."

लव्हॉनने गाडी रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेने घेतली आणि हळूच पुढे काढली. आरशात पिवळा स्वेटर लहान होत गेला. दोन्ही बाजूंना गहू गुडघ्यापर्यंत आला होता.